हातचा एक

रात्री अकराला डिझेलचं इंजिन खोकून बंद पडतं
आणि दवाखान्याच्या फ्रिजमधल्या लशी
बर्फाच्या पिशव्यांच्या भरवशावर सकाळची वाट बघतात.
चिलोएच्या पूर्वेला आमचं बेट. त्रेचाळीस घरं.
वारा मात्र अख्ख्या देशाला पुरून उरेल.

नायादेतने आणला तो आराखडा. सोळा पानं.
पवनचक्की, घरच्या घरी करायची.
पहिल्यांदा कुणी काढली, आता सांगता येत नाही,
समासांत इतक्या जणांची अक्षरं.
मंगोलियातून कुणी: थंडीत हे ग्रीस दगड होतं, दुसरं वापरा.
मादागास्करहून: खारी हवा चुंबकं खाते,
राळ ओतताना कंजुषी नको.
आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तीच ओळ:
घ्या. बदला. काय बदललंत ते कळवा.

"फुकट?" म्हातारा रुदेसिंदो म्हणाला,
"मग नक्की कुठेतरी खोट असणार."

साठ वर्षं होड्या बांधलेला माणूस.
अकरा पोरं शिकवली त्याने,
अकराही हातचं राखून.
त्यांच्या होड्या तरंगायच्या, नाही असं नाही,
पण तळाच्या पहिल्या फळीपाशी पाणी झिरपायचंच,
वाटीने उपसावं इतकं.
पोरं सॅल्मनच्या कारखान्यांत गेली.
गुपित ट्रंकेत राहिलं, कुलपासकट.

शाळेच्या जेवणघरात आम्ही तारा गुंडाळल्या.
ओतिलियाबाई तांब्याला लोकरीसारखं वळवत होती
आणि वेढे मोजताना चक्क गप्प होती,
तिच्या नवऱ्याने दारातून येऊन खात्री करून घेतली.
पाती आम्ही सिप्रेसच्या फळ्यांतून कापली,
पानावर दिलेल्या मापाने, मिलिमीटर न चुकवता.

जुलैच्या वादळात, दुसऱ्याच रात्री, एक पातं मोडलं.
टोक बारियांच्या खुराड्यात घुसलं.
एक कोंबडी गेली.
दुसऱ्या दिवशी ती आम्ही बटाटे घालून खाल्ली,
कुणी कुणाकडे बघितलं नाही.

रुदेसिंदोने मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.
"लाकडाने सांगितलं होतं," म्हणाला,
"तुम्ही कागदाचं ऐकलंत."
आणि निघून गेला.

तीन दिवसांनी आला. काखेत गंजक्या पत्र्याचा साचा,
होडीच्या पहिल्या फळीचं वळण.
लाकूड करवतीने कापायचं नाही, म्हणाला,
पाचर मारून फोडायचं,
ते आपणहून जिथे उलतं, तिथे त्याची शीर.
पात्याचा बुंधा असा ठेवायचा, आणि इथे, हे बघ,
इथे हात हलका.
बोलताना तो खाली बघत होता,
कर्ज फेडणारा माणूस नोटा मोजताना बघतो तसा.

पहिलीच्या वर्गात शिकवतात: हातचा एक.
तो पुढच्या घरात नेऊन मिळवायचा असतो.
याने साठ वर्षं तो मुठीत धरला
आणि बेरीज चुकते म्हणून
पोरांच्या पाठी सोलल्या.

"नाव कुणाचं लागणार?"
"लागत नाही," नायादेत म्हणाली, "पण घालायचं तर घाला."
त्याने सळई तापवली, बुंध्यावर खूण उमटवली:
माशाचा काटा, तीन तिरप्या रेघा,
त्याच्या प्रत्येक होडीवर असायचा तो.
तिने आराखड्यातही तो तसाच काढला.
पान सतरावं.

मार्चमध्ये फिलिपिन्सच्या कुठल्याशा बेटावरून
सतरावं पान परत आलं, समासात निळी शाई:
बुंध्यावर काट्यासारख्या तीन खाचा कशासाठी, कळलं नाही.
तरी कोरल्या. पावसाचं पाणी तिथूनच निथळतं,
बुंधा कुजत नाही. छान युक्ती. ठेवा.

रुदेसिंदोने ते नायादेतकडून तीनदा वाचून घेतलं.
आत फ्रिज गुरगुरत होता, रात्रीचा एक वाजला होता.
"मग! त्यासाठीच तर होता तो," म्हणाला,
आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

मग पेन्सिल मागितली.
निळ्या शाईखाली जागा शोधली,
जीभ दातांत धरून एकेक अक्षर लिहिलं:
मधली रेघ जरा खोल घ्या.